हिवाळ्यातले निसर्गशिक्षण: शिकता शिकता शिकवू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपत आली की पर्यावरणशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, समाजकार्य अशा विषयांत एम.एस्सी. किंवा एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. ‘मुलांना निसर्गात नेऊन शिकवायचे आहे, पण सुरुवात कोठून करू?’, ‘संस्थेत इंटर्नशिप घेऊ की जवळच्या शाळेशी बोलू?’, ‘वनखात्याची परवानगी लागते का?’, ‘मला स्वतःलाच सगळे पक्षी ओळखता येत नाहीत, मग मी काय शिकवणार?’ या प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळावीत म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या हिवाळ्यात दहा ठिकाणे पालथी घालू नका. एक जागा निवडा, तिथे स्वतः पुन्हा पुन्हा जा आणि तीच जागा मुलांना दाखवा. पुढचे सगळे निर्णय यामुळे सोपे होतात.

आधी ठरवा: कोणता मार्ग तुमचा?

साधारणपणे तीन मार्ग उपलब्ध असतात.

- संस्थेबरोबर काम. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे गोरेगावचे निसर्गशिक्षण केंद्र, पुण्याची भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था, सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन यांसारख्या ठिकाणी अनुभवी माणसांच्या हाताखाली शिकता येते. मुलांसमोर पहिल्यांदाच उभे राहणार असाल तर हा मार्ग घ्या. इथे कार्यक्रम संस्थेचा असतो, त्यामुळे स्वतःचे प्रयोग करायला वाव थोडा कमी मिळतो.
- एका शाळेशी थेट नाते. तुमच्या गावातली किंवा महाविद्यालयाजवळची शाळा निवडून तिथल्या एकाच वर्गाबरोबर हिवाळाभर काम करायचे. आखणी, परवानग्या, जबाबदारी यांतले बरेचसे तुमच्यावर येते, पण शिकायलाही सर्वांत जास्त इथेच मिळते. त्या शाळेतला एक शिक्षक मनापासून सोबत असेल तरच हा मार्ग निवडा.
- अभ्यासक्रमाला जोडून. राज्यातल्या नव्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टसाठी ४ क्रेडिट ठेवलेली आहेत. निसर्गशिक्षणाचे काम त्यात बसू शकते. मात्र काम सुरू करण्याआधी विभागप्रमुखांची लेखी मान्यता, तासांचा हिशेब आणि मार्गदर्शकाचे नाव पक्के करून घ्या. आधी काम आणि मग मान्यता असा क्रम लावला तर क्रेडिट हातचे जाण्याची भीती असते.

शुल्क घेऊन प्रमाणपत्र देणारी शिबिरेही बरीच असतात. त्यात नाव घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: प्रत्यक्ष शिकवणार कोण? मुलांबरोबर मला किती तास मिळतील? आधीच्या दोन सहभागींशी बोलता येईल का? उत्तरे मोघम आली तर पैसे भरू नका.

वेळापत्रक: शाळेचे पाहा, मग आपले

निसर्गाचा हिवाळा चार महिन्यांचा असला तरी शाळेचा हिवाळा त्याहून लहान असतो. डिसेंबर–जानेवारीत स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा, फेब्रुवारीपासून दहावी-बारावीच्या परीक्षांची गडबड. त्यात तुमची सत्रपरीक्षाही येते. म्हणून आखणी अशी करा:

- नोव्हेंबर: जागेची ओळख, परवानग्या, शिक्षकांशी बैठक. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा जन्मदिवस. या दोन दिवसांमधला आठवडा राज्यात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. शाळेत पहिले पाऊल टाकायला ही चांगली संधी आहे.
- डिसेंबर: पहिली दोन-तीन सत्रे. ओढ्यात पाणी असते, गवत उभे असते, पहाटे भरपूर दव पडते.
- जानेवारी: पाणवठ्यांवरच्या पक्ष्यांची आशियाई गणना याच महिन्यात होते. आधी तुम्ही स्वतः अनुभवी गणकांबरोबर जा. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात नायलॉन मांजावर एक सत्र घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली आहे, तरी दरवर्षी पक्षी आणि माणसे जखमी होतात.
- फेब्रुवारी: समारोप. पांगारा आणि सावर फुलतात, तेव्हा एकाच झाडावर पक्ष्यांच्या कितीतरी जाती पाहता येतात. महिन्याच्या मध्यात ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ चार दिवस चालतो. त्यात मुलांनी शाळेच्या आवारातल्या नोंदी पाठवायला हरकत नाही.

वर्ग निवडताना पाचवी ते आठवीला प्राधान्य द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवसांची कल्पना मांडलेली आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना हा मुद्दा उपयोगी पडतो. शाळेत राष्ट्रीय हरित सेनेचे पथक असेल तर त्याच्या प्रभारी शिक्षकांना आधी भेटा.

जागा कशी निवडावी?

मुले चालत किंवा अर्ध्या तासात बसने पोहोचतील अशी जागा सर्वांत चांगली. गावातला ओढा, देवराई, टेकडी, गावतळे, शेताचा बांध, शहरातली बाग, काहीही चालेल. मुंबईतले महाराष्ट्र निसर्ग उद्यान एके काळी कचराभूमी होते. आज तिथे झाडी आहे आणि मुले तिथे शिकायला येतात. शिकण्यासाठी दूरचे जंगलच हवे, ही समजूत सोडून द्या.

जागा पक्की करण्यापूर्वी तिथे एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी जाऊन या आणि एवढे तपासा:

- सावली, बसायची जागा आणि मुलींसाठी सुरक्षित स्वच्छतागृह कोठे आहे?
- आसपास आग्या मोहोळ आहे का? कडे, उंच झाडे, जुन्या वास्तूंच्या कमानी, पाण्याच्या टाक्या नीट पाहा.
- पाणी किती खोल आहे? काठ निसरडा आहे का?
- मोबाइलला रेंज कोठे मिळते आणि वाहन कोठपर्यंत येते?
- जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय कोणते? तिथे सर्पदंशावरचे प्रतिविष उपलब्ध आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा.

कोणाची परवानगी लागते?

- शाळा: मुख्याध्यापकांचे पत्र आणि प्रत्येक पालकाचे लेखी संमतिपत्र. त्यात ठिकाण, वेळ, सोबत कोण असेल, मुलाचा आजार, औषध, ॲलर्जी आणि संपर्काचा क्रमांक असावा. बाहेरगावी सहल असेल तर शिक्षण विभागाची मंजुरी शाळेने घ्यायची असते. ती मिळाली आहे का, हे विचारून घ्या.
- अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय प्रवेश नाही. पर्यटनाच्या ठरलेल्या मार्गावर प्रवेशशुल्क भरून जाता येते. नमुने गोळा करायचे असतील किंवा संशोधन करायचे असेल, तर वेगळी लेखी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. सहलीच्या प्रवेशावर संशोधन उरकून घेऊ नका.
- राखीव वन: वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.
- खासगी शेत, देवराई, गावतळे: शेतकऱ्याला, देवस्थानाच्या मंडळींना, ग्रामपंचायतीला विचारा. देवराईत चपला काढायच्या, काडीही तोडायची नाही, असे काही ठिकाणचे नियम असतात. ते मुलांना आधीच सांगा आणि स्वतः पाळा.

तयारी: तुम्हाला किती यायला हवे?

‘सगळी नावे आल्याशिवाय शिकवायचे नाही’ असे ठरवलेत तर हिवाळा निघून जाईल. निवडलेल्या जागेवरची दहा झाडे, पंधरा पक्षी आणि पाच कीटक नीट ओळखता आले की पहिल्या सत्रापुरती शिदोरी झाली. ओळखण्याबरोबर प्रत्येकाबद्दल एक गोष्ट सांगता यायला हवी: तो काय खातो, कोठे राहतो, कोणाच्या उपयोगी पडतो.

जे येत नाही त्याबद्दल मुलांसमोर स्पष्ट सांगा: ‘मला हे माहीत नाही, आपण शोधू.’ मग छायाचित्र घेऊन आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर विचारा आणि पुढच्या सत्रात उत्तर घेऊन या. उत्तर आणायला मात्र विसरू नका, मुलांच्या ते पक्के लक्षात राहते.

गावातल्या जाणत्या माणसांना सोबत घ्या. कातकरी, ठाकर, धनगर, कोळी समाजातल्या ज्येष्ठांचे ज्ञान पुस्तकांत सापडणार नाही. त्यांना पाहुणे शिक्षक म्हणून बोलवा, योग्य मानधन द्या आणि तुमच्या अहवालात त्यांची संमती घेऊन त्यांच्या नावाने श्रेय द्या. मुलांची घरची भाषा कोरकू, गोंडी, पावरी अशी असेल तर ती बोलणारी व्यक्ती सोबत असणे अत्यावश्यक समजा.

एका सत्राची आखणी

अडीच तासांपेक्षा मोठे सत्र ठेवू नका. दहा-बारा मुलांमागे एक जबाबदार प्रौढ असावा आणि मुली असतील तर शिक्षिका असावीच.

1. १० मिनिटे: गोल करून ओळख, तीन नियम आणि मुलांची मोजणी.
2. १५ मिनिटे: प्रत्येकाने आपापल्या जागी शांत बसायचे. ऐकू आलेले आवाज वहीत खुणांनी मांडायचे.
3. ४५ मिनिटे: मुख्य निरीक्षण. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला एकच प्रश्न.
4. १५ मिनिटे: खाऊ आणि पाणी. थंडीत तहान लागत नाही म्हणून मुले पाणी पीत नाहीत, आठवण करून द्यावी लागते.
5. ३० मिनिटे: गटांनी एकमेकांना सांगायचे. तुम्ही कमी बोला.
6. १५ मिनिटे: वहीत चित्र आणि दोन वाक्ये, पुन्हा मोजणी, कचरा उचलून परत.

उरलेला वेळ चालण्यात आणि अनपेक्षित गोष्टींत जातो. तो आखणीत धरलेलाच असू द्या.

हिवाळ्यात शिकवण्यासारखे काय काय?

दव आणि जाळी. सकाळी लवकर गवतातली कोळ्यांची जाळी दवामुळे स्पष्ट दिसतात, ऊन चढले की ती नजरेआड होतात. एका मीटरच्या चौकोनात किती जाळी आहेत, कोणती जमिनीलगत आणि कोणती उंच, एवढेच मुलांना मोजू द्या. थोड्या वेळाने तोच चौकोन पुन्हा पाहा. कोळी कोठे गेला असेल, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात.

पानगळ. थंड देशांतल्या चित्रांमुळे पाने थंडीने गळतात असे मुलांना वाटते. आपल्याकडच्या शुष्क पानझडी जंगलात झाडे पाने गाळतात ती मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी, कारण पुढे कोरडे महिने असतात. हे सांगून टाकू नका. एक साग आणि एक ओढ्याकाठचे झाड निवडून डिसेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला दोघांची नोंद ठेवायला लावा. ओढ्याकाठी पाने जास्त काळ टिकतात का, ते मुलांना पाहू द्या. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात अशाच साप्ताहिक नोंदी घेतल्या जातात, शाळेला त्यात भाग घेता येतो.

पाहुणे पक्षी. सुरुवात शाळेच्या मैदानावरच्या धोब्यापासून करा. शेपटी खालीवर हलवत चालणारा हा लहानसा पक्षी मुलांनी पाहिलेला असतो, पण करडा आणि पांढरा धोबी हिवाळ्यापुरतेच येतात हे माहीत नसते. मग पट्टकादंब हंसाची गोष्ट सांगा, जो हिमालय ओलांडून आपल्या जलाशयांवर उतरतो. जमल्यास एकदा उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला न्या. नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र. होडीत बसवायचे असेल तर प्रत्येक मुलाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवेच, एकही कमी असेल तर होडी नको.

ज्वारीचे शेत. भोरड्यांचे थवे मध्य आशियाकडून येतात. ज्वारीच्या कणसांवर उतरले की शेतकरी गोफण घेऊन माचाणावर चढतो. हेच पक्षी किडेही खातात आणि पुढे सावर-पळसाच्या फुलांवर मध प्यायला जातात. त्यांना नुकसान करणारे म्हणायचे की उपकारक? शेतकऱ्यालाच वर्गासमोर बोलू द्या आणि त्याचे नुकसान हलके लेखू नका. निसर्ग आणि माणसाचे पोट यांचा संबंध मुलांना इथे जितका समजतो तितका भाषणातून समजत नाही.

ओढा. घोट्याइतक्या पाण्यात, पांढऱ्या ताटलीत थोडे पाणी घेऊन चतुर-टाचण्यांची पिल्ले, गोगलगायी, पाणनिवळ्या पाहायच्या आणि लगेच परत सोडायच्या. सांडपाणी मिसळते त्याच्या वर आणि खाली असे दोन ठिकाणचे जीव मोजले, तर प्रदूषणाचा धडा वेगळा द्यावा लागत नाही. सांडपाण्याच्या बाजूचे नमुने मात्र तुम्हीच हातमोजे घालून काढा.

आकाश. निवासी शिबिर असेल तर रात्री मृग, व्याध, कृत्तिका, रोहिणी सहज दिसतात. विजेरीच्या काचेवर लाल कागद लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपत नाहीत.

नेहमी होणाऱ्या चुका

- जास्त बोलणे. नवे शिकवणारे निसर्गात नेऊन व्याख्यान देतात. मुलांची पाठ झाडाकडे आणि तोंड तुमच्याकडे असेल तर बोलणे थांबवा.
- गोळा करण्याचा नाद. घरटी, अंडी, फुलपाखरे, शिंपले पिशवीत भरायला लावू नका. संरक्षित क्षेत्रातून काहीही उचलणे हा गुन्हा आहे. बाहेरही फक्त गळलेली पाने आणि बिया पुरेत.
- वाघ-बिबट्याचे आमिष. ‘आज बिबट्या दिसेल’ असे म्हणून नेलेली मुले मुंगीकडे पाहत नाहीत.
- पक्ष्यांना आवाज ऐकवून बोलावणे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण वाजवल्याने पक्षी विचलित होतात. छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाणेही टाळा.
- भीती दाखवणे. पृथ्वी संपणार, पाणी संपणार, असे दहा वर्षांच्या मुलाला सांगून त्याच्या हाती काही लागत नाही. त्याला जमेल असे एक काम द्या.
- एकदाच नेणे. पाच ठिकाणी एकदा नेण्यापेक्षा एका ठिकाणी पाचदा नेलेले बरे. बदल तेव्हाच दिसतो.

सुरक्षितता: इथे तडजोड नाही

- मधमाश्या. अत्तर, धूर, आरडाओरडा, दगडफेक यांमुळे आग्या माश्या उठतात. मोहोळ दिसले तर मार्ग बदला. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळायचे आणि बंद खोलीत किंवा वाहनात शिरायचे. काटे नखाने किंवा कडक कार्डाने लगेच खरवडून काढा. श्वास लागणे, ओठ सुजणे, चक्कर येणे दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठा.
- साप. थंडीत साप उन्हाला येतात आणि घोणस या दिवसांत बऱ्याचदा दिसते. मुलांच्या पायांत बंद बूट असू द्या, दगडाखाली आणि गवतात हात घालू देऊ नका. दंश झाल्यास जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही. तो अवयव स्थिर ठेवून रुग्णाला चालायला न लावता रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका.
- पाणी. २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. भरती-ओहोटीच्या वेळा आणि स्थानिकांचा सल्ला घेतल्याशिवाय समुद्रकिनारी नेऊ नका. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात मुलांना उतरू देऊ नका.
- थंडी आणि अंधार. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पाचपर्यंत परतीच्या वाटेला लागा. सगळ्याच मुलांकडे स्वेटर नसतात, चार-पाच जास्तीचे सोबत ठेवा आणि कोणालाही अवघडल्यासारखे होऊ न देता द्या. दम्याच्या मुलांचा पंप त्यांच्याच खिशात असावा.
- क्रमांक. रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, मुलांसाठी १०९८, वनविभाग १९२६. हे कागदावर लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी संपू शकते.

मुलांप्रती तुमची जबाबदारी

एका मुलाबरोबर आडबाजूला एकटे राहू नका. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोठेही टाकू नका. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितले, तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘शाळेची बदनामी होईल’ म्हणून ते दडपता येत नाही. शांतपणे ऐका, मुलावर विश्वास ठेवा, खोदून विचारू नका आणि त्याच दिवशी कळवा.

तुमचे हक्क

आवडीचे काम आहे म्हणून अटी विचारायला संकोचू नका. रुजू होण्यापूर्वी हे लेखी घ्या:

- कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि परीक्षेसाठीची रजा
- विद्यावेतन, प्रवासखर्च, राहणे-जेवण यांपैकी काय मिळेल आणि कोणत्या तारखेला
- अपघात विमा आहे का
- वरिष्ठ मार्गदर्शक कोण आणि पहिल्या सत्रांत ते सोबत असतील का
- तुम्ही तयार केलेल्या पुस्तिका, नोंदी, छायाचित्रे यांवर तुमचे नाव राहील का
- शेवटी मिळणाऱ्या अनुभवपत्रात तासांचा आणि कामाचा उल्लेख असेल का

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरोधातला २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेविकांनाही लागू होतो. शिबिराची जागा आणि कामानिमित्त पुरवलेले वाहनसुद्धा कामाचे ठिकाण धरले जाते. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान संस्थेबद्दल जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवते.

आणखी एक हक्क नेहमी लक्षात असू द्या: असुरक्षित वाटणारे सत्र रद्द करण्याचा. आयोजक, शाळा किंवा वेळापत्रक यांपैकी कोणाच्याही दडपणाखाली मुलांना धोक्यात नेऊ नका.

हिवाळ्याअखेरीस हाती काय असावे?

प्रत्येक सत्रानंतर त्याच दिवशी अर्धे पान लिहा: काय ठरवले होते, काय घडले, मुलांनी कोणते प्रश्न विचारले, पुढच्या वेळी काय बदलायचे. फेब्रुवारीअखेर ही वही, सत्रांचे आराखडे, जागेवरच्या जातींची यादी, शिक्षकांचे अभिप्राय आणि अनुभवपत्र एवढे जमले, तर नोकरीसाठी, पुढच्या संशोधनासाठी किंवा प्रबंधासाठी भक्कम पाया तयार होतो. त्याची एक प्रत शाळेला द्या. तुम्ही गेल्यावर तिथले शिक्षक काम पुढे चालवू शकले, तर तुमचा हिवाळा सार्थकी लागला असे समजा.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करा: घराजवळची एक जागा ठरवा, वही घेऊन सकाळी तिथे जा आणि सोमवारी शाळेच्या मुख्याध्यापकांची भेट मागा.